न विचारलेलं सांगणं

‘आजोबांच्या संग्रहातलं तिकीट. फार जुनं, दुर्मिळ. स्थिती फोटोत दिसते तशी. मी तज्ज्ञ नाही.’

जुनी टपाल तिकिटं ऑनलाइन विकायला ठेवणाऱ्या कितीतरी जणांचं वर्णन या चार वाक्यांत संपतं. गंमत अशी की यातलं एकही वाक्य खोटं असेलच असं नाही. आजोबा खरेच असतील. तिकीट जुनंही असेल. फोटो तर समोरच आहे. आणि विकणारा तज्ज्ञ नाही, हेही बरोबर. तरी हे वर्णन वाचून पैसे भरलेला माणूस चार दिवसांनी पाकीट उघडतो, तिकीट उलटं करतो आणि कपाळावर हात मारतो. मागचा डिंक गेलेला असतो, किंवा कागद एका जागी सोलवटून पातळ झालेला असतो. खोटं कुणीच बोललं नाही, पण एक जण फसला. असं कसं होतं, आणि याचा दोष नक्की कुठे ठेवायचा, हा माझ्यासमोरचा प्रश्न आहे.

मी गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात राहतो. मार्कंडादेव इथून जवळ. गेली काही वर्षं मी फोनवरून तिकिटं विकतो. माझ्या संग्रहातली जास्तीची, आणि कधीकधी ओळखीच्यांनी ‘बघ काय येतं’ म्हणून दिलेली. माझं गिऱ्हाईक पुण्यात असतं, कोचीत असतं, कधी मेलबर्नला. त्यातल्या कुणीही मला पाहिलेलं नाही आणि मीही त्यांना. आमच्यामध्ये एवढंच असतं: एक-दोन फोटो आणि मी लिहिलेल्या दहा ओळी.

बाजारात वांगी घेताना आपण ती हातात घेऊन दाबून बघतो. तिकिटाच्या दुकानातही पूर्वी तसंच चालायचं. चिमट्यात धरायचं, भिंगाखाली घ्यायचं, उजेडासमोर धरायचं. ऑनलाइन विक्रीत घेणाऱ्याचे हे सगळे डोळे काढून घेतलेले असतात. त्याच्याकडे उरतात ते माझे डोळे. म्हणजे वर्णन लिहिणारा मी केवळ विकणारा नसतो. मी त्याच्या वतीनं बघणाराही असतो. आणि दुसऱ्याच्या वतीनं बघताना अर्धंच बघून सांगितलं, तर ते काय झालं?

तिकिटाच्या बाबतीत ‘अर्धं’ म्हणजे बहुतेक वेळा पुढची बाजू. किंमत ठरते मात्र मागच्या बाजूवर. न वापरलेल्या तिकिटाला मूळ डिंक आहे का, पूर्वी कुणी हिंज लावून अल्बममध्ये चिकटवलं होतं का, हिंज ओढून काढताना कागदाचा पापुद्रा निघाला का, गेलेला डिंक लपवायला नवा लावला आहे का. मग दातेरी कडा: एखादा दात आखूड आहे का, कात्रीनं सरळ केलेल्या कडेला पुन्हा दाते पाडले आहेत का. आमच्याकडे तर पावसाळा म्हणजे तिकिटांचा काळच. ओल धरते, अल्बमची पानं एकमेकांना चिकटतात, डिंकावर तपकिरी ठिपके उठतात. हे ठिपके फोनच्या कॅमेऱ्यात गायब करणं अगदी सोपं. काही करावंही लागत नाही; फोन आपणहून फोटो उजळ करतो, पिवळट कागद पांढरा करतो. ‘मी फोटोत काहीच एडिट केलं नाही’ हे वाक्यही मग खरं आणि तरीही फसवं ठरतं.

आपल्याकडे या प्रकाराला जुनं नाव आहे: ‘नरो वा कुंजरो वा’. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता. युधिष्ठिर शब्दानं खोटं बोलला नाही. पण द्रोणाचार्यांनी काय समजावं हे त्याला नीट ठाऊक होतं, आणि त्यांनी तेच समजावं म्हणूनच ते वाक्य उच्चारलं गेलं. महाभारतकारांनी त्याला सोडलं नाही. जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. म्हणजे खरेपणाची कसोटी ऐकणाऱ्याच्या मनात जे उतरतं त्यावर लागते, सुट्या शब्दांवर नाही. एवढं आपल्याला फार पूर्वीपासून माहीत आहे.

पण व्यापार म्हटला की आपण ही कसोटी सैल करतो. ‘धंद्यात तेवढं चालतं.’ खरंच चालतं का, यावर दोन हजार वर्षांपूर्वीचा एक वाद आहे. रोमन लेखक सिसेरोनं इ. स. पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात तो एक कोडं घालतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येत आहेत, हे त्यानं वाटेत पाहिलंय. लोकांना ते ठाऊक नाही. त्यानं सांगावं, की गप्प राहून चढ्या भावानं विकावं? दुसरं उदाहरण घराचं: विकणाऱ्याला घरातले दोष माहीत आहेत, घेणाऱ्याला नाहीत. सिसेरो दोन स्टोइक तत्त्वज्ञांना समोरासमोर उभं करतो. डायोजेनिस म्हणतो, कायद्यानं सांगायला लावलेले दोष सांगितले की झालं; गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. अँटिपेटर म्हणतो, माणसं एकमेकांची आहेत. घेणाऱ्याला जे कळायला हवं ते तुला ठाऊक असेल, तर ते सांगायलाच हवं. सिसेरो स्वतः अँटिपेटरच्या बाजूला जातो.

पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं याच कोड्यात एक बारीक फरक केला. वस्तूतला लपलेला दोष सांगायलाच हवा, असं तो म्हणतो. पण मागून जहाजं येताहेत ही बातमी न सांगणारा व्यापारी अन्याय करत नाही. सांगितलं तर तो त्याचा मोठेपणा. एक गोष्ट वस्तूबद्दलची, दुसरी बाजाराबद्दलची.

तिकिटं विकताना मला हा फरक फार उपयोगी पडतो. उद्या याच तिकिटांचा मोठा साठा बाजारात येणार आहे, असं माझ्या कानावर असेल, तर तो माझा अंदाज आहे, चुकूही शकतो. पण तिकिटाच्या मागचा पापुद्रा निघालाय, हा अंदाज नाही. ते त्या तिकिटाचं अंग आहे. ते न सांगता मी जे विकतो, ती वस्तू मुळात माझ्याकडे नसतेच. मी एक तिकीट दाखवतो आणि दुसरंच पाठवतो.

आपला कायदाही दोन्हीकडे पाय ठेवून उभा आहे. १९३०चा माल विक्री कायदा मुळात घेणाऱ्यानं पाहून घ्यावं असं मानतो, पण वर्णनावरून माल विकला असेल तर माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, असंही सांगतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी तर ऑनलाइन विक्रेत्याला वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येणार नाही, असं स्पष्ट केलं. पण कायदा लिहिलेल्या वर्णनाला धरतो. जिथे वर्णनच ‘फोटोत दिसते तशी’ एवढंच आहे, तिथे त्यानं धरायचं काय?

इथवर सगळं सोपं वाटतं. अवघड होतं ते पैसे दुसऱ्याचे असले की.

आमच्या गावात एक निवृत्त मास्तर आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे १५ ऑगस्ट १९४८ला निघालेला गांधीजींच्या तिकिटांचा संच आहे. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवसाला निघालेली ही चार तिकिटं: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यात छापलेली, ‘बापू’ हा शब्द देवनागरीत आणि उर्दू लिपीत असलेली. त्या काळी दहा रुपये ही रक्कम मोठी होती, एवढं महाग तिकीट कुणी सहसा ठेवून देत नसे, म्हणून आज त्या एका तिकिटाला भाव आहे. काकांना पावसाळ्याआधी घरावरचे कवेलू काढून टिनाचे पत्रे टाकायचे होते. ते म्हणाले, हे विकून दे.

मी दहा रुपयांचं तिकीट खिडकीशी धरलं. समोरून देखणं. मागे हिंज काढताना पापुद्रा निघालेला, उजेडात तेवढी जागा स्पष्ट उजळ दिसत होती. वरच्या कडेचा एक दात आखूड. मी काकांना म्हटलं, हे दोन्ही लिहावं लागेल, आणि मग किंमत बरीच उतरेल.

काका रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, “मी लबाडी कर म्हणत नाही तुले. त्यानं इचारलं तं सांगजो. नाही इचारलं तं कायले सांगतेस?”

डायोजेनिसचा सगळा युक्तिवाद या दोन वाक्यांत आहे. आणि काका काही लोभी माणूस नव्हेत. ज्या घरात पाणी गळतं त्या घरात ते राहतात. समोरचा घेणारा बहुधा शहरातला, नोकरी असलेला, छंदाला पैसे काढू शकणारा. माझ्या प्रामाणिकपणाची किंमत मी मोजणार नव्हतो, काका मोजणार होते. दुसऱ्याच्या खिशातून दिलेलं दान जसं दान नव्हे, तसा दुसऱ्याच्या खर्चानं बाळगलेला प्रामाणिकपणा हा प्रामाणिकपणा आहे का? हा प्रश्न मी अजूनही हलका मानत नाही.

मी काकांना जे म्हटलं ते असं: चांगल्या तिकिटाची जी किंमत तुम्ही ऐकलीय, ती या तिकिटाची नाहीच. कॅटलॉगमधला आकडा निर्दोष तिकिटाचा असतो. या दोन किमतींमधली रक्कम तुमची होती आणि मी ती घालवली, असं नाही. ती रक्कम तिकिटाची नव्हे, घेणाऱ्याला मागची बाजू न दिसण्याची आहे. ती घ्यायची की नाही, हे तुम्ही ठरवू शकता. पण मग वर्णन माझ्या नावानं जाणार नाही.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “लिही.” दोन्ही दोष लिहून, मागच्या बाजूचा उजेडातला फोटो लावून ते तिकीट गेलं. आले ते पैसे पत्र्यांना पुरले नाहीत. पुढच्या खोलीवर पत्रे पडले, मागच्या खोलीवर कवेलूच राहिले. खऱ्याचा विजय वगैरे काही झाला नाही. घेणाऱ्यानं आभार मानणारं पत्रही पाठवलं नाही, का पाठवावं? जे सांगितलं ते मिळालं, एवढंच झालं.

आता ‘मी तज्ज्ञ नाही’ या वाक्याकडे येऊ. न कळणं हा गुन्हा नाही. तिकिटांत तर न कळणंच जास्त. सीमेपलीकडच्या नांदगाव संस्थानानं, म्हणजे आजच्या राजनांदगावनं, १८९०च्या दशकात स्वतःची तिकिटं काढली होती. त्यातल्या काहींवर महंत बलरामदास यांच्या नावाची एम. बी. डी. ही आद्याक्षरं उठवलेली आहेत. छपाई इतकी साधी की नक्कल करणाऱ्याला फार कष्ट नकोत. माझ्याकडे असं एक तिकीट आहे. ते अस्सल आहे की नक्कल, हे मला ठरवता आलेलं नाही. मग विकताना काय लिहायचं? ‘अस्सल’ लिहिता येत नाही. पण नुसतं ‘मी तज्ज्ञ नाही’ लिहिणंही पुरेसं नाही. मी काय पाहिलं, काय तपासलं, कुठे अडलो, हे लिहायला हवं: कागद असा, रंग असा, अक्षरांची उंची इतकी, प्रमाणपत्र नाही, किंमत नक्कल धरून लावली आहे. न कळण्यालाही अचूक वर्णन असतं.

माणसाच्या ज्ञानाच्या अवस्था दोन नसून तीन आहेत. माहीत असणं, माहीत नसणं आणि माहीत करून न घेणं. आठवड्याला वीस तिकिटं विकणारा, एकही तिकीट उलटं करून न पाहणारा आणि वर ‘मी तज्ज्ञ नाही’ म्हणणारा तिसऱ्या अवस्थेत असतो. त्याचं अज्ञान त्यानं कमावलेलं आहे, आणि ते त्याला नफा देतं. पाहायला दोन मिनिटं लागत असतील आणि तुम्ही मुद्दाम पाहत नसाल, तर ते न पाहणं हे लपवणंच आहे.

वर्णनाची आणखी एक अडचण आहे: ते वस्तूपासून सुटतं. ज्याँ द स्पेराती नावाचा एक नामांकित नक्कलकार होऊन गेला. १९४२ मध्ये फ्रेंच कस्टमनं लिस्बनला चाललेली त्याची तिकिटं पकडली. मौल्यवान माल बेकायदा बाहेर पाठवल्याचा ठपका आला. तो म्हणाला, ही अस्सल नाहीतच, मीच केली आहेत. तज्ज्ञांनी तपासलं आणि अस्सल ठरवलं! आपला खोटेपणा सिद्ध करण्यासाठी त्याला झगडावं लागलं. स्पेराती आपल्या कामाला कला म्हणायचा, आणि अशा पुष्कळ प्रतींच्या मागे त्याची सही असायची. पण पेन्सिलनं. पहिल्या गिऱ्हाइकाला कळत होतं की ही नक्कल आहे. तिसऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचेतो कुणीतरी खोडरबर फिरवलेलं असे. याउलट जिनिव्हाच्या फ्रान्स्वा फूर्निए या नक्कलकाराचा उरलेला माल तिथल्या संग्राहकांच्या संघटनेनं ताब्यात घेतला आणि १९२८ मध्ये त्याचे अभ्यासासाठी अल्बम केले, तेव्हा नकलांवर ‘खोटं’ या अर्थाचा फ्रेंच शब्द शाईनं छापला. पेन्सिल आणि शाई यांतला हा फरक फक्त साधनाचा नाही. आपलं सत्य पहिल्या गिऱ्हाइकापाशी संपतं, की ज्याला आपण कधी भेटणार नाही त्या चौथ्या गिऱ्हाइकापर्यंत जातं, असा तो प्रश्न आहे. ऑनलाइन वर्णन तर पेन्सिलहूनही कच्चं. विक्री झाली की पान नाहीसं होतं.

आणि आता उलट बाजू, जिच्याबद्दल संग्राहक फारसं बोलत नाहीत. घेणाऱ्याला जास्त कळत असेल तर? आमच्या भागात जुन्या घरांतून पत्रांचे गठ्ठे निघतात. चंद्रपूर तेव्हा चांदा होतं. चांद्याचा शिक्का असलेली ब्रिटिश काळातली पाकिटं कुणाच्या पेटीत असतात, कुणाच्या रद्दीत. जाणकार माणूस येतो, रद्दीच्या भावानं घेतो आणि शहरात हजारोंना विकतो. त्यानं पाप केलं का? रद्दीवाल्यानं वजनावर भाव सांगितला आणि यानं तो दिला, तर मी त्याला दोष देणार नाही. ओळखायला शिकण्यात त्याची वर्षं गेली आहेत. गठ्ठ्यात काहीच निघालं नसतं तर नुकसान त्याचंच होतं. पण घरातली म्हातारी बाई पेटी पुढे करून विचारते, “बापू, ह्यात काही कामाचं हाय का?” आणि तो म्हणतो, “काही नाही आजी, रद्दी आहे,” तेव्हा गोष्ट बदलते. तिनं त्याला फक्त भाव विचारलेला नाही. तिनं त्याचे डोळे मागितले आहेत.

म्हणून मला वाटतं, जबाबदारी विकणाऱ्यावर की घेणाऱ्यावर, ही मांडणीच अपुरी आहे. जो वर्णन करतो, त्याच्यावर ती येते. ऑनलाइन विक्रीत वर्णन विकणारा करतो, म्हणून ती त्याची. आजीच्या ओसरीवर वर्णन घेणारा करतो, म्हणून तिथे ती घेणाऱ्याची. दुसरा माणूस आपल्या डोळ्यांनी बघतोय, हे कळलं की ‘त्यानं विचारलं नाही’ ही सबब संपते. काय विचारायचं हे कळायलाही बघावं लागतं, आणि तो बघू शकत नाही.

याचा अर्थ स्तुती करायचीच नाही असा नव्हे. मार्कंड्याला लोक ‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणतात. हे ऐकून कुणी फसत नाही. खजुराहो कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि उत्तरेकडे वळलेल्या वैनगंगेच्या काठावरची ती कोरीव मंदिरं बघून माणूस त्या उपमेचं काय ते ठरवतो. ‘सुंदर तिकीट’, ‘संग्रहात शोभेल’ ही तसलीच वाक्यं. घेणारा ती फोटोवरून स्वतः तपासू शकतो. ‘मूळ डिंक’ हे मात्र स्तुतीचं वाक्य नाही, ते साक्षीचं वाक्य आहे. स्तुतीत हात सैल सोडावा, साक्षीत नाही.

मार्कंड्याच्या मुख्य मंदिराबद्दल आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की कधीकाळी त्यावर वीज पडली, शिखर ढासळलं आणि मग डागडुजी झाली. हे कुणी लपवत नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेला आलेल्या माणसाची श्रद्धा त्यानं कमी होत नाही. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्यांचा तर नियमच आहे, १९६४च्या व्हेनिस सनदेत तो लिहिलेला आहे: नवा घातलेला भाग जुन्याशी शोभून दिसावा, पण नवा म्हणून ओळखूही यावा. डागडुजी झालेली वस्तू कमी प्रतीची असते असं नाही. डागडुजी लपवलेली वस्तू मात्र दुसऱ्याच कुठल्यातरी वस्तूचं सोंग असते.

मी पाठवतो त्या प्रत्येक पाकिटात एक छोटी चिठ्ठी असते. तिकीट कोणतं, साल कोणतं, दोष कोणते, काय तपासलं आणि काय कळलं नाही. खाली तारीख. बॉलपेननं लिहिलेली. घेणारा ती फेकून देऊ शकतो, आणि बरेच जण देतही असतील. पण एखादा ती अल्बममध्ये तिकिटाच्या मागे सरकवून ठेवत असेल, तर पुढे कधीतरी ते तिकीट विकायला काढणाऱ्या त्याच्या नातवाला ‘फोटोत दिसते तशी’ असं लिहायची गरज पडणार नाही.